विम्याचा बाजार आणि कामगाराचे घर

(तिरुवैयारु, जिल्हा तंजावूर येथील अभ्यासवर्गात मराठी सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल तंजावूर जंक्शनला उतरून आपण तेरा किलोमीटर बसने येथे आलो. तिरुवैयारुला रेल्वे नाही. १८६१-६२ साली नागपट्टणमहून तंजावूरमार्गे तिरुचिरापल्लीला लाईन गेली, ती या गावाला बाजूला ठेवूनच. टपाल मात्र येथे रोज येते आणि ते आणणारी माणसे आपलीच आहेत. तमिळमध्ये तिरु म्हणजे श्री, ऐ म्हणजे पाच आणि आरु म्हणजे नदी. पाच नद्यांचे हे गाव. गानप्रेमी मंडळी ते संत त्यागराजांच्या समाधीमुळे ओळखतात. आपले मराठी माणसांचे नाते वेगळे आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावूरला गादी स्थापली. ती १८५५ पर्यंत चालली, आणि आजही तंजावुरात मराठी बोलणारी घरे आहेत.

आम्हाला दिलेला विषय असा आहे : 'नव्याने बाजार खुला केलेल्या युरोपीय देशाचा अनुभव आणि आपल्या विमा क्षेत्राचे भवितव्य'. विषय ऐकून काही साथी हसले. मॅट्रिक झालेला रेल्वेचा माणूस युरोपच्या विम्यावर काय बोलणार, असे त्यांना वाटले असेल, आणि ते बरोबरच आहे. आम्ही अर्थशास्त्रज्ञ नाही. पण गेली तीस वर्षे मयत सभासदाच्या घरी जाऊन, कपाट उघडून, कागदांच्या पिशव्या खाली ओतून, त्यातून पॉलिसी शोधण्याचे काम आम्ही केले आहे. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

विम्याच्या भवितव्यावर मोठमोठे अहवाल निघतात. पोलंडवर निघतात, रुमानियावर निघतात, आपल्यावरही निघतात. त्यात एक आकडा हमखास असतो. देशाच्या शंभर रुपये उत्पन्नापैकी किती रुपये विम्याच्या हप्त्यात जातात, तो. हा आकडा लहान असला की अहवाल म्हणतो, येथे वाढीला भरपूर वाव आहे. आपल्या देशाचा हा आकडा २००१ साली सुमारे २ रुपये ७१ पैसे होता. २००९ साली तो ५ रुपये २० पैशांवर गेला. २०२३-२४ साली तो ३ रुपये ७० पैशांवर आलेला होता. म्हणजे बाजार आधी फुगला, मग बसला.

साथींनो, हा आकडा माणसाने किती भरले ते सांगतो. माणूस गेल्यावर घरी किती आले, ते सांगत नाही. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे. विम्याचे भवितव्य हप्त्यावरून मोजू नका, दाव्यावरून मोजा.

आता तो आकडा फुगला तो काळ आठवा. तो आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्यात आमचाही दोष आहे. तो आधी कबूल करतो.

२००७ साल होते. शेअर बाजार रोज वर जात होता. आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत एका खासगी कंपनीचा माणूस यायचा. कंपनीचे नाव येथे सांगत नाही, कारण अशा अनेक होत्या. बाजाराशी जोडलेली पॉलिसी, तीन वर्षे भरा, नंतर भरू नका, पैसे दुप्पट. आम्ही शाखेचे पदाधिकारी. त्याने आधी आम्हाला चहा पाजला आणि मग सभासदांना गोळा करायला सांगितले. आम्ही गोळा केले. "चांगली योजना आहे, घ्या," असे आम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालो. चाळीसएक जणांनी सह्या केल्या. त्या काळी अशा पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा खर्चातच कापला जाई. ते कागदावर लिहिलेले होते, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.

२००८ साली बाजार कोसळला. वर्षाच्या सुरुवातीला एकवीस हजारांजवळ असलेला निर्देशांक वर्षअखेरीपूर्वी नऊ हजारांच्या खाली गेला. अनेकांनी हप्ते थांबवले. त्यांच्यात एक ट्रॅकमन होता. दोन हप्ते भरून तिसरा त्याने भरला नाही, कारण मुलीचे लग्न होते. त्यानंतर काही महिन्यांतच तो गेला. त्याची बायको ती पॉलिसी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून युनियनच्या कचेरीत आली. "भाऊ, तुम्हीच सांगितले होते ना घ्यायला?" एवढेच ती म्हणाली. पॉलिसी बंद पडलेली होती. विम्याची रक्कम मिळणार नव्हती. भरलेल्या पैशातले थोडेसे परत आले. त्या घराला सावरले ते खात्याच्या देण्यांनी आणि पुढे मुलाला मिळालेल्या नोकरीने.

१ सप्टेंबर २०१० पासून नियामकाने अशा पॉलिसींचे नियम कडक केले, खर्चावर मर्यादा घातली, पैसे अडकवून ठेवण्याची मुदत तीन वर्षांची पाच केली. चांगले झाले, पण आमच्या शाखेपुरते ते वरातीमागून घोडे होते. तेव्हापासून आम्ही कानाला खडा लावला. ज्या कागदावर आपण पाठिंबा देतो, तो आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचा.

आता विषयातल्या युरोपाकडे वळू. पोलंडचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्याशी जुळते. तेथेही विमा सरकारी होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षे तेथे सरकारी विमा संस्थेचाच जम होता. तिचे आजचे नाव पीझेडयू. १९८९ नंतर राजवट बदलली, १९९० च्या कायद्याने विम्याचा बाजार खुला झाला. परदेशी कंपन्या आल्या. असतील शिते तर जमतील भुते, हा न्याय सगळीकडेच आहे. १९९९ च्या नोव्हेंबरात सरकारने पीझेडयूचे ३० टक्के भाग युरेको या कंपनीच्या गटाला विकले. पुढे आणखी भाग देण्याचा करार झाला, म्हणजे ताबाच गेला असता. देशात ओरड झाली. सरकार बदलले आणि नव्या सरकारने पुढचे भाग देण्याचे नाकारले. मग लवादापुढे खटला झाला. २००५ साली निकाल पोलंडच्या विरुद्ध गेला. शेवटी २००९ साली तडजोड झाली. तिच्या सुमारास पीझेडयूच्या तिजोरीतून १२ अब्ज झ्लॉटींहून अधिक लाभांश भागधारकांना वाटला गेला. २०१० साली तिचे शेअर वॉर्साच्या बाजारात आले आणि युरेको टप्प्याटप्प्याने बाहेर पडली.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, विकलेले भाग परत मागायला गेलात तर किंमत फार पडते, आणि ती किंमत पिढ्यानपिढ्या हप्ते भरून साठलेल्या गंगाजळीतून जाते. दुसरी गोष्ट आपल्यातले काही वक्ते सांगत नाहीत, ती आम्ही सांगतो. पोलंड बुडाला नाही. बाजार खुला झाल्यावरही पीझेडयू तेथील सर्वांत मोठी विमा कंपनी राहिली, आणि तिच्यात आजही सुमारे एकतृतीयांश भाग सरकारचा आहे. म्हणजे बाजार उघडला की सरकारी संस्था मरतेच असे नाही. ती कोणाच्या हातात आहे, तिची गंगाजळी कोणाच्या कामी येते आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवते, यावर ते ठरते.

आपला इतिहास पाहा. कंपनी सरकारच्या काळात विमा कंपन्या गोऱ्यांसाठी होत्या. भारतीय माणसाचा जीव कमी भरवशाचा समजून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली. तिने आपल्या माणसाला बरोबरीच्या दराने विमा दिला. १९१३ साली साताऱ्यासारख्या गावात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली. ही देशी माणसांची कामगिरी होती आणि ती खासगीच होती, हे विसरू नये. पण त्याच काळात कितीतरी कंपन्या लोकांचे पैसे घेऊन बुडाल्या. काही धनिकांनी विमेदारांचा पैसा स्वतःच्या धंद्यात फिरवला. १९५५ च्या डिसेंबरात फिरोज गांधी यांनी लोकसभेत अशा प्रकारांवर बोट ठेवले. पुढच्याच महिन्यात, १९ जानेवारी १९५६ रोजी, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, हे आपल्याला ठाऊक आहे. पण हे त्यांचे दुसरे काम आपण क्वचित आठवतो. देशी, परदेशी आणि भविष्य निर्वाह संस्था मिळून २४५ संस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी जीवन विमा निगम उभे राहिले. सरकारने भांडवल घातले ५ कोटी रुपये. बाकी सगळे तुमच्या-आमच्या हप्त्यांचे. थेंबे थेंबे तळे साचे.

आणि सरकारी तळ्यातूनही चोरी होते. १९५७ साली निगमाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर सव्वा कोटींच्या आसपास रकमेला घेतले. ते प्रकरण पुन्हा फिरोज गांधींनीच काढले. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड्या सुनावणीत चौकशी केली आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावे लागले. तेव्हा राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे आपण झोपायला मोकळे झालो, असे नाही. राखणदार लागतोच.

तळ्याचे पाणी कोणाचे, याचा हिशेब आज बदलला आहे. पूर्वी निगमाच्या शिलकीतले शंभरांपैकी ९५ रुपये विमेदारांना बोनसरूपाने आणि ५ रुपये सरकारला जात. २०२२ च्या मे महिन्यात सरकारने निगमाचे साडेतीन टक्के शेअर बाजारात विकले. त्याआधी कायदा बदलला गेला. आता बोनसच्या पॉलिसींच्या शिलकीत भागधारकांचा वाटा टप्प्याटप्प्याने १० टक्के झाला, आणि बिनबोनसच्या पॉलिसींची शिलक सगळी भागधारकांची. ज्यांच्या घामाने तळे भरले त्यांचा वाटा असा कमी होतो. त्यात आरडाओरडा काही होत नाही, म्हणून तो मुद्दाम सांगावा लागतो.

डाक खात्यातील बंधू-भगिनींनो, आता तुमचे घर. या देशातला सर्वांत जुना चालू सरकारी आयुर्विमा तुमच्याकडे आहे. १ फेब्रुवारी १८८४ रोजी तो टपाल कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाला. १८८८ साली तारखात्याला मिळाला. १८९४ साली खात्यातल्या बायकांना मिळाला, आणि तेव्हा दुसरी कोणतीही कंपनी बाईचा विमा उतरवायला तयार नव्हती. १९९५ साली तो खेड्यातल्या सर्वसामान्य माणसासाठी खुला झाला. त्याला सरकारची हमी आहे. आम्हा रेल्वेवाल्यांनाही तो घेता येतो, पण आमच्या निम्म्या पोरांना ते ठाऊक नाही, कारण तो विकायला शेडमध्ये चहा पाजणारा माणूस येत नाही. एकीकडे टार्गेट दिले म्हणून डाक सेवकाने दारोदार पॉलिसी विकायच्या, आणि दुसरीकडे त्याच खिडकीवर पेमेंट बँकेतर्फे खासगी कंपन्यांच्या अपघात पॉलिसीही विकायच्या. गिऱ्हाईक विश्वास ठेवते ते खाकी पिशवीवर. तो विश्वास कोणाच्या कागदावर खर्च होतो, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आता या गावाच्या शेताकडे चला. आज सकाळी आम्ही पाच-सहा जण काठाकाठाने फिरून आलो. येथल्या एका डाक सेवक साथीने दुभाष्याचे काम केले. सांबा भाताची कापणी चालू आहे. एका शेतात चार खुंट्या आणि दोरी लावून पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद तुकडा आखलेला होता. सरकारी माणसे तेवढ्यातलेच भात कापून, झोडून, वजन करत होती. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. गावात असे किमान चार तुकडे. त्यांच्या सरासरीवर साऱ्या गावाचा पीक विमा ठरतो.

हिशेब सोपा आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि ठरलेल्या टक्क्याने कमी करून उंबरठा धरायचा. समजा उंबरठा दोन हजार किलो निघाला आणि यंदा दीड हजार किलोच पिकले. तूट चौथाई, म्हणून विमा रकमेच्या चौथाई भरपाई. २०१६ पासूनच्या या योजनेत शेतकरी खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का भरतो. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरतात. म्हणजे हप्त्याचा मोठा भाग आपल्या सर्वांच्या करातून जातो. बाजाराच्या अहवालात मात्र तो कंपन्यांच्या वाढीत धरला जातो.

या मुलखाला विम्याची गरज नाही असे कोण म्हणेल? मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटायचे, ते कित्येक वर्षी सुटले नाही. २०१६ साली ईशान्य मोसमी पाऊस सरासरीपेक्षा ६२ टक्के कमी पडला आणि पुढच्या वर्षी तमिळ शेतकरी दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसले. २०१८ च्या नोव्हेंबरात गज वादळाने याच जिल्ह्यातले माड झोपवले. भरपाई मिळाली तेव्हा शेतकऱ्याला आधार झाला, हे खरे आहे. पण कोणाला मिळाली? विमा उतरवताना अडंगल लागतो, म्हणजे आपला सातबारा. येथे देवळांच्या आणि मठांच्या जमिनी पुष्कळ. त्या कसणाऱ्या कुळाकडे नेहमी कागद असतोच असे नाही.

त्या दोरीजवळ एक मजूर बाई उभी होती. पीक गेले तर तुम्हाला काय मिळते, असे आम्ही दुभाष्यामार्फत विचारले. ती हसली. म्हणाली, "मालकाला विमा, आम्हाला सुट्टी." साथींनो, आम्ही तीस वर्षे युनियनमध्ये भाषणे करतो, पण हे इतके थोडक्यात आम्हाला कधी सांगता आले नाही. पीक बुडाले की तिची मजुरी बुडते, आणि तिच्याकडे विमा उतरवायला जमीन नाही. आमच्या रेल्वेत गाड्या धुणारा ठेकेदाराचा माणूस असाच आहे. रूळ तोच, धोका तोच, कागद मात्र त्याच्या नावावर नाही.

महाराष्ट्रात काय झाले तेही प्रामाणिकपणे पाहू. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा आला. सर्वांना बरे वाटले. पण खोटे अर्ज इतके झाले की सरकारी आणि देवस्थानच्या जमिनींवरही विमे उतरले. २०२५ साली योजना बंद करून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा लावावा लागला. खरा शेतकरी दोनदा भरडला गेला. तळे सर्वांचे असेल तर चोरी पकडण्याचे कामही सर्वांचे आहे, कंपनीची असो वा आपल्या भाऊबंदाची.

आता आपल्या पगारपत्रकाकडे या. केंद्र सरकारी नोकरांची गट विमा योजना आहे. तृतीय श्रेणी कर्मचाऱ्याची महिना ३० रुपये कपात आणि मृत्यू झाल्यास विमा ३० हजार रुपये. हे दर १ जानेवारी १९९० चे. छत्तीस वर्षे झाली. तेव्हा ३० हजारांत गावाकडे दोन खोल्या बांधून होत. आज तेराव्याचा खर्चही भागत नाही. सातव्या वेतन आयोगाने विमा वाढवायला सांगितले होते, पण हप्ताही महिन्याला दीड हजारापासून पाच हजारांपर्यंत सुचवला होता. तो कर्मचाऱ्याला झेपणारा नव्हता, सरकारनेही ती शिफारस घेतली नाही, आणि गाडी तेथेच यार्डात उभी राहिली. दोन्ही टोकांच्या मधला रस्ता आपणही जोर लावून मागितला नाही, ही आपली चूक.

२०२५ च्या सप्टेंबरात रेल्वेने स्टेट बँकेशी करार केला. त्या बँकेत ज्यांचा पगार जमा होतो, त्यांना अपघाती मृत्यूला एक कोटी आणि नैसर्गिक मृत्यूला दहा लाख. हप्ता नाही. ही मोठी गोष्ट आहे आणि आम्ही तिचे स्वागत करतो. पण लक्षात ठेवा, हा सेवाशर्तींतला हक्क नव्हे, हा बँकेशी झालेला करार आहे. खाते दुसरीकडे असेल तर लाभ नाही. करार उद्या बदलू शकतो. आणि ठेकेदाराचा कामगार त्यात नाहीच.

या मुलखातलीच एक जुनी गोष्ट येथे आठवते. सरफोजीराजांच्या काळात रामेश्वरच्या वाटेवर छत्रे होती. ओरतनाडूचे मुक्तांबा छत्र त्यांतलेच. वाटसरूला जेवण, आजाऱ्याला औषध, मुलांना शाळा. राजाचे पुण्य मोठे. पण छत्र चालते ते राजाच्या मर्जीवर आणि राज्य असेतोवर. विमा ही त्याच्या पुढची पायरी आहे, कारण तेथे माणूस हात पसरत नाही, हक्काने मागतो. आपल्याला मालकाच्या मर्जीचे छत्र नको, लिहून दिलेला हक्क हवा.

मग भवितव्य काय? सरळ सांगतो. २००० साली परदेशी भांडवलाला २६ टक्के दार उघडले, २०१५ साली ४९, २०२१ साली ७४, आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेने १०० टक्क्यांचा कायदा मंजूर केला. आपण प्रत्येक वेळी संप केले, मोर्चे काढले आणि दार उघडतच गेले. बाजार वाढणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला, त्यानेही वाढेल. खासगी कंपन्या दावे देतच नाहीत असेही नाही. बहुतेक आयुर्विमा दावे मिळतात, आणि स्पर्धेमुळे निगमाच्या खिडकीवरही काम जलद झाले आहे. पण नफ्याचा बाजार नफा जेथे आहे तेथेच जाईल. पगारदाराच्या दारी दहा एजंट येतील आणि त्या मजूर बाईच्या दारी एकही येणार नाही. तिच्यासाठी सरकारी हमीचे, सर्वांच्या भागीदारीचे तळे राखावेच लागेल. जीवन निगम आणि डाक विमा वाचवायचे ते आपल्या नोकऱ्यांसाठी नव्हे, यासाठी.

घोषणा झाल्या, आता काम. प्रत्येक शाखेने पुढील पाच गोष्टी या वर्षी कराव्यात.

पहिली, नॉमिनेशन तपासा. विमा कंपन्यांकडे मागणारा नाही म्हणून पडून राहिलेली रक्कम २०२४ साली सुमारे २० हजार कोटी रुपये होती. ही कोणाची तरी आई, कोणाची तरी बायको आहे. लग्नापूर्वी वडिलांचे नाव घातले, वडील वारले, नाव तसेच, असे सभासद प्रत्येक शाखेत निघतील.

दुसरी, घरी सांगा. पॉलिसी कोठे ठेवली आहे ते बायकोला, मुलाला ठाऊक असले पाहिजे. एका वहीत सगळे नंबर लिहा.

तिसरी, अर्ज भरताना आजार लपवू नका. एजंट म्हणेल, राहू द्या. त्याचे कमिशन सुटते, तुमचा दावा अडकतो. २०१५ पासून कायदा असा आहे की आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षे झाली की कंपनीला ती कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. पण मरण तीन वर्षे थांबेलच असे नाही.

चौथी, दावा नाकारला तर घरी बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, एक महिन्यात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आहे, पुण्यात आहे, येथे चेन्नईतही आहे. फी नाही, वकील नाही. पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा तेथे होतो. मात्र मुदत वर्षाची आहे. डाक विम्यासाठी खात्याचा स्वतंत्र मार्ग आहे, तो डाक साथींनी आम्हाला शिकवावा.

पाचवी, गट विमा योजनेचे १९९० चे दर बदलण्याची मागणी पुढच्या मागणीपत्रात वर आणा, आणि तिच्यात ठेकेदाराच्या कामगाराचे कलम घाला. त्याच्याशिवायची मागणी अर्धी आहे.

साथींनो, त्या ट्रॅकमनच्या बायकोला आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आजही आमच्याकडे उत्तर नाही. पण त्यानंतर आमच्या शाखेत कोणाचाही विमा-कागद आम्ही वाचल्यावाचून पुढे गेला नाही, आणि एकाही घराचा दावा नुसता मुदत टळली म्हणून बुडाला नाही. युरोपच्या अहवालात हे कोठे लिहिले जाणार नाही. पण विम्याचे भवितव्य विचाराल तर आमच्या मते ते येथेच आहे. कागद वाचणाऱ्या शाखेत आणि वेळेवर दार ठोठावणाऱ्या पोस्टमनच्या हातात.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!